गृहखाते : ‘वरचा हुकूम’ येतो कुठून?

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा आम्ही बोनस, महागाईभत्ता, नाहीतर नव्या श्रमसंहिता यांपैकी काहीतरी सांगू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही ‘गृहमंत्रालय’ असे म्हणताच ते जरासे चपापले. तुमचा आणि त्या खात्याचा काय संबंध, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. तोंडाने मात्र ते काही बोलले नाहीत. त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर. या तीन शाळांपैकी तिसरीने आम्हाला गृहखात्याचा अभ्यास करायला लावले.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात आम्ही रीतसर मुदतीची नोटीस देऊन संप पुकारला होता. संपाच्या आदल्या रात्री आमच्या नऊ सहकाऱ्यांना पोलिसांनी घराघरांतून उठवून नेले. आम्ही ठाण्यावर गेलो आणि विचारले, “साहेब, हुकूम कुणाचा? लेखी असेल तर दाखवा.” साहेबांनी कागदातून मान वर न करता सांगितले, “वरून हुकूम आहे.” “वरून म्हणजे कुठून, साहेब?” याला उत्तर नाही. बाहेर आलो, तर दारावरचा हवालदार हळूच म्हणाला, “अण्णा, ते आम्हालासुद्धा कुणी सांगत नाही.” एका सहकाऱ्याची वृद्ध आई फडक्यात भाकरी बांधून पायरीवर बसली होती. ती म्हणाली, “अण्णा, पोलिसांचा धनी गृहमंत्री ना? मग दिल्लीला तार ठोका.” आम्हाला ते पटले. पहाटे तारघर गाठून आम्ही दिल्लीच्या गृहमंत्र्यांना लांबलचक तार केली.

त्या तारेचे उत्तर आले नाही, आणि आज आम्ही जाणतो की ते येणारही नव्हते. आम्ही चुकीच्या दारावर थाप मारली होती. नऊ जण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुचलक्यावर सुटले. तोवर संपाचा पहिला दिवस हातचा गेला होता, आणि संपाचे पहिल्या दिवसावर किती अवलंबून असते ते कामगारांना सांगायला नको. आपल्या माणसांना कुणी धरले आणि जाब कुणाला विचारायचा, हे ज्या पुढाऱ्याला ठाऊक नाही त्याने पुढारीपण कशाला मिरवावे? ही टोचणी घेऊन आम्ही या विषयाच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आले, ते आपणासमोर ठेवतो.

प्रथम नावाचे बघू. ‘गृह’ म्हणजे घर, म्हणून गृहखाते म्हणजे घरे देणारे खाते, असे समजून चाळीतल्या खोलीचा अर्ज गृहमंत्र्यांच्या नावे लिहून आणणारी माणसे आमच्या कचेरीत आजही येतात. त्यांना हसू नये. शब्दच फसवा आहे. तो इंग्रजी ‘होम’ या शब्दाचा तर्जुमा आहे. १७८२ साली इंग्लंडात सरकारी कामाची दोन भागांत वाटणी झाली. परदेशांशी संबंध असलेले ते ‘फॉरिन’, आणि देशाच्या उंबरठ्याच्या आतले ते ‘होम’. फ्रान्समध्ये अशाच खात्याला अंतर्गत व्यवहारांचे मंत्रालय म्हणतात. अमेरिकेत मात्र याच अर्थाचे नाव असलेले खाते सरकारी जमिनी आणि राष्ट्रीय उद्याने सांभाळते. पोलिसांशी त्याचा फारसा संबंध नाही. तेव्हा नावावर जाऊ नये. खाते काय करते आणि कुणाला उत्तर देते, हे पाहावे.

हिंदुस्थानात ‘होम डिपार्टमेंट’ आले ते १८४३ साली. तोपर्यंत गव्हर्नर जनरलची कचेरी आणि बंगाल प्रांताची कचेरी एकमेकींत गुंतलेली होती. त्या वेगळ्या केल्या गेल्या, आणि परराष्ट्र, गृह, अर्थ व लष्कर अशी चार खाती झाली. यातले गृहखाते म्हणजे एक मोठे एकत्र कुटुंबच होते. शिक्षण, इस्पितळे, महसूल, न्याय, तुरुंग, इतकेच काय, ख्रिस्ती धर्मोपदेशकांची व्यवस्थाही त्याच छपराखाली होती. मग एकेक मुलगा वेगळा निघू लागला. १८५५ साली बांधकाम खाते निघाले, १८७१ साली महसूल, शेती व व्यापार निघाले, १९१० साली शिक्षण निघाले. रस्ते, शेती, शाळा असे लोकांना काही देणारे खाते वेगळे होत गेले, आणि म्हाताऱ्याकडे उरले काय? पोलीस, तुरुंग, कारकुनांच्या व अंमलदारांच्या नेमणुका, आणि रयतेवरची नजर. या खात्याचा जो करडा चेहरा आपल्या मनात बसला आहे, तो या वाटणीतून घडला.

या करड्या चेहऱ्याला हत्यारे मिळाली ती १८५७ च्या उठावानंतर. १८६० साली भारतीय दंडसंहिता झाली, १८६१ साली पोलीस कायदा झाला. या पोलीस कायद्यापुढे नमुना ठेवला गेला तो लंडनच्या पोलिसांचा नव्हे, तर आयर्लंडच्या पोलिसांचा, असे इतिहासकार सांगतात. आयर्लंड तेव्हा इंग्रजांच्या टाचेखाली होते, हे लक्षात घेतले म्हणजे निवडीचे कारण उमगते. पोलीस नागरिकाचा सेवक म्हणून नव्हे, तर सत्तेचा पहारेकरी म्हणून उभा करायचा होता. १८८७ साली राजकीय हालचालींची बातमी गोळा करण्यासाठी केंद्राची एक विशेष शाखा उघडली गेली. आजचा गुप्तवार्ता विभाग, ज्याला आपण ‘आयबी’ म्हणतो, आपला वंश तिथपासून सांगतो.

पण सर्वांत धारदार हत्यार याहून जुने होते, आणि त्याचा वार पुणेकरांनी सोसलेला आहे. बंगालमध्ये १८१८ चा एक नियम होता आणि मुंबई इलाख्यात १८२७ चा. या नियमांनी सरकारला असा अधिकार दिला होता की, आरोप न ठेवता, खटला न भरता, नुसत्या संशयावरून माणसाला डांबून ठेवावे. १८९७ साली प्लेगचे अधिकारी रँड यांच्या खुनानंतर पुण्याच्या नातू बंधूंना याच १८२७ च्या नियमाखाली धरून बेळगावी नेऊन ठेवले. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. या दोन गोष्टींतला फरक बारकाईने पाहावा. टिळकांना शिक्षा झाली, पण त्यांच्यावर आरोप होता, साक्षी होत्या, वकील होते आणि निकाल होता. नातूंना यांपैकी काहीच मिळाले नाही. अन्यायी खटल्याचीही नोंद राहते आणि पुढच्या पिढीला तो तपासता येतो. खटलाच नसेल, तर तपासायचे काय?

आता आमच्या कामगार चळवळीच्या घरची गोष्ट. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांत दीड लाखाच्या आसपास कामगारांचा सार्वत्रिक संप झाला. त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. दिल्लीच्या होम डिपार्टमेंटची झोप उडाली. पुढच्याच वर्षी २० मार्च १९२९ रोजी निरनिराळ्या शहरांतून ३१ जणांना एकाच दिवशी पकडण्यात आले. त्यांत डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर, अधिकारी ही आपली मराठी माणसे होती. गिरणीत काम करणारे आळवे आणि कासले होते. स्प्रॅट आणि ब्रॅडली हे इंग्रजही होते. खटला भरला तो मीरतला. मुंबईचे कामगार, मग खटला संयुक्त प्रांतातल्या मीरतला का? मुंबई-कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात तो चालता, तर ज्यूरीपुढे चालला असता. मीरतला ज्यूरी नव्हती. सेशन्स कोर्टाचा निकाल लागायला १९३३ चा जानेवारी उजाडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने कित्येकांना सोडून दिले आणि बाकीच्यांच्या शिक्षा पुष्कळच कमी केल्या. पण निर्दोष ठरलेल्यांचीसुद्धा चार वर्षे कोण परत देणार? वयोवृद्ध कामगार पुढारी ठेंगडी तर खटला चालू असतानाच वारले.

त्याच दिवसांत सरकारने मध्यवर्ती कायदेमंडळात दोन विधेयके आणली होती. एक औद्योगिक तंट्यांचे होते आणि दुसरे सार्वजनिक सुरक्षिततेचे. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बाँब टाकले ते यांच्याच निषेधार्थ. अध्यक्षस्थानी विठ्ठलभाई पटेल होते. मीरतचा खटला न्यायप्रविष्ट असताना त्याच विषयाच्या सुरक्षा विधेयकावर चर्चा करता येत नाही, असा निर्णय त्यांनी ११ एप्रिलला दिला. सरकारने काय करावे? दोन दिवसांत व्हाइसरॉयने तेच कलम वटहुकूम म्हणून काढले! सभागृहाला नको असेल तर सभागृहावाचून करू, ही त्या राजवटीची रीत होती.

योगायोग असा की, या विठ्ठलभाईंचेच धाकटे बंधू वल्लभभाई २ सप्टेंबर १९४६ रोजी हंगामी सरकारात त्याच गृहखात्याच्या खुर्चीवर बसले. ज्या खात्याने त्यांना कैकदा तुरुंगात घातले, ते खाते आता त्यांच्या हाती आले. फाळणीची आग, निर्वासितांचे लोंढे, साडेपाचशेहून अधिक संस्थानांचे विलीनीकरण, अखिल भारतीय सेवांची घडी ही सारी कामे सरदारांनी चार वर्षांत उरकली. संस्थानांसाठी जुलै १९४७ मध्ये वेगळे खाते काढले होते. तेही पुढे १९५५ साली गृहमंत्रालयात विलीन झाले. सरदारांच्या या कर्तबगारीबद्दल दुमत नाही. पण इमारत तीच होती, फायली त्याच होत्या, आणि फायली लिहिणारे हातही पुष्कळसे तेच होते. घर नव्या मालकाचे झाले, तरी जुनी कुलपे कोण बदलणार, हा प्रश्न राहिलाच.

ही कुलपे बदलण्याचे काम राज्यघटनेने केले. सगळी नव्हे, पण काही महत्त्वाची बदलली. राज्यसूचीतली पहिली नोंद ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि दुसरी ‘पोलीस’. म्हणजे आपल्या शहरातले पोलीस ठाणे हे राज्य सरकारच्या गृहविभागाखाली येते, केंद्राच्या गृहमंत्रालयाखाली नव्हे. आमच्या तारेचा पत्ता चुकला तो इथे. ‘वर’ म्हणजे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक किंवा शहराचे आयुक्त, त्यांच्या वर पोलीस महासंचालक, आणि त्यांच्या वर मुंबईत मंत्रालयातला गृहविभाग. दिल्ली शहराचे मात्र निराळे आहे. तिथले पोलीस थेट केंद्राच्या गृहमंत्रालयाखाली येतात. त्या मावशी दिल्लीच्या असत्या, तर त्यांची तार योग्य जागी पोहोचली असती.

मग दिल्लीच्या गृहमंत्रालयाकडे राहिले काय? पुष्कळच राहिले. भारतीय पोलीस सेवेचे अधिकारी केंद्र नेमते. केंद्राची स्वतःची दले आहेत. १९३९ साली नीमच येथे उभे राहिलेले आणि १९४९ च्या कायद्याने आजचे नाव मिळालेले केंद्रीय राखीव पोलीस दल त्यांत आहे. १९६५ चे सीमा सुरक्षा दल आहे. सरकारी कारखान्यांतल्या कामगारांना रोज फाटकावर दिसणारे, १९६९ साली उभारलेले औद्योगिक सुरक्षा दलही आहे. गुप्तवार्ता विभाग आहे. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्ला झाल्यावर निघालेली राष्ट्रीय तपास संस्था आहे. सीबीआय मात्र याच मंत्रालयाच्या ठरावाने १९६३ साली जन्मली असली, तरी १९७० पासून ती गृहखात्याकडे नाही. पुष्कळांचा इथे घोटाळा होतो.

याखेरीज केंद्रशासित प्रदेश, राजभाषा, आपत्ती निवारण, स्वातंत्र्यसैनिकांचे निवृत्तिवेतन, फाशीच्या कैद्यांचे राष्ट्रपतींकडे जाणारे दयेचे अर्ज, हे सर्व याच मंत्रालयाच्या टेबलावरून जाते. जनगणनाही त्याचीच. २०२१ ची लांबलेली जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून घेण्याची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली, ती याच मंत्रालयाने काढली. आपल्या महाराष्ट्राचा नकाशाही याच टेबलावरून गेला आहे. द्वैभाषिक मुंबई राज्याचे दोन भाग करणारे १९६० चे विधेयक गृहमंत्री गोविंदवल्लभ पंत यांच्या काळातले. गोमंतक १९६१ साली मुक्त झाला, पण ३० मे १९८७ रोजी घटक राज्य होईपर्यंत तो केंद्रशासितच होता. या मंत्रालयाच्या खुर्चीवर मराठी माणसेही बसली आहेत. यशवंतराव चव्हाण, शंकरराव चव्हाण, शिवराज पाटील आणि सुशीलकुमार शिंदे अशी ती नावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. नातू बंधूंना ज्या हत्याराने घायाळ केले, त्याचे स्वतंत्र भारतात काय झाले? मोडीत काढले का? नाही. ते घटनेतच राहिले. पण मर्यादेसह राहिले, आणि या मर्यादा कुणी आणल्या ते मराठी माणसाने विसरू नये. घटना समितीत व्यक्तिस्वातंत्र्याचे कलम दुबळे झाले अशी ओरड झाली, तेव्हा सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक नवे कलम मांडले. तेच आजचे अनुच्छेद २२. अटक केलेल्याला कारण सांगा, वकील गाठू द्या, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करा, असे ते सांगते. प्रतिबंधक स्थानबद्धतेत यांतली काही संरक्षणे मिळत नाहीत. पण तिथेही कारणे कळवावी लागतात, अर्ज करण्याची संधी द्यावी लागते, आणि तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे तर सल्लागार मंडळापुढे जावे लागते.

प्रजासत्ताक होऊन महिनाही लोटला नव्हता, तोच फेब्रुवारी १९५० मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आला. तो एका वर्षापुरता होता. पण सरकारी वर्ष कधी संपत नाही! मुदत वाढत वाढत तो १९६९ च्या डिसेंबर अखेरपर्यंत टिकला. १९७१ साली ‘मिसा’ आला. आणि २५ जून १९७५ च्या रात्री अंतर्गत आणीबाणी जाहीर झाली. मंत्रिमंडळाला ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी सांगण्यात आली. आधी सही आणि मग बैठक! पुढे न्यायमूर्ती शहा आयोगाने मोजदाद केली, तेव्हा मिसाखाली सुमारे पस्तीस हजार आणि संरक्षण नियमांखाली सुमारे पंचाहत्तर हजार माणसे आत टाकली गेली होती असे दिसले. येरवडा आणि नाशिकरोडचे तुरुंग भरून गेले. त्या वेळी आम्ही पाटी-दप्तराच्या वयाचे होतो. आमच्या आळीतला एक शिक्षक एकाएकी दिसेनासा झाला, आणि मोठी माणसे त्याचे नाव हळू आवाजात घेत, एवढे आठवते. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असे ठरवले की, आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयात दादच मागता येत नाही. एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी विरुद्ध मत लिहिले. पुढे त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले. त्यांचे मत बरोबर होते, हे त्याच न्यायालयाने २०१७ साली मान्य केले. एक्केचाळीस वर्षे लागली, पण मान्य केले.

या अनुभवातून देश एक गोष्ट शिकला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे मोघम कारण काढून ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले. जीविताचा हक्क आणीबाणीतही गोठवता येणार नाही असे ठरले. आणि एक लहानसे वाक्य घातले गेले. मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवला गेल्याशिवाय आणीबाणीची उद्घोषणा करता येणार नाही. ‘लेखी’! हा शब्द आम्ही प्रथम वाचला तेव्हा आम्हाला ठाण्यातले ते टेबल आठवले. आम्ही एका फौजदाराकडे जे मागत होतो, तेच देशाने आपल्या सरकारकडे मागितले होते. पुढे डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सांगितले की, अटकेचा पंचनामा तिथल्या तिथे करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, नातेवाइकाला कळवा. म्हणजे आमच्या त्या नऊ जणांच्या वेळी हा निर्णय होऊन काही वर्षे झाली होती. आम्हाला तो ठाऊक नव्हता. अज्ञानाची किंमत नऊ कुटुंबांनी मोजली. तो दोष आम्ही ठाण्यावर ढकलून मोकळे होणार नाही. त्यातला एक वाटा आमचाही आहे.

कुणी म्हणेल, हे सगळे जुने झाले. कामगाराला आज दिल्लीच्या गृहमंत्रालयाशी काय कर्तव्य? याचे उत्तर २०२० सालाने दिले. २४ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदीचा जो आदेश निघाला, तो आरोग्य खात्याचा नव्हता की श्रमखात्याचा नव्हता. तो २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली गृहमंत्रालयाने काढला होता. पाच दिवसांनी, २९ मार्चला, त्याच मंत्रालयाने दुसरा आदेश काढला. बंद काळाचा पगार मालकांनी कपात न करता वेळेवर द्यावा आणि घरमालकांनी परप्रांतीय कामगारांकडे महिनाभर भाडे मागू नये, असे त्यात होते. आमच्या आयुष्यात पगाराचा इतका स्पष्ट हुकूम आम्ही श्रमखात्याकडूनही पाहिला नव्हता! आम्ही त्याच्या प्रती काढून वाटल्या. पण १८ मेपासून तो मागे घेण्यात आला, आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी वाटाघाटीने मिटवावे असे सांगितले. कामगारांसाठी खास गाड्या सुटल्या त्या १ मेपासून. तोवर, आणि त्यानंतरही, माणसे चालतच होती. ८ मेच्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळावर झोपलेले मध्य प्रदेशचे सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. ते जालन्याहून पायी निघाले होते.

या दुःखाचे खापर आम्ही कुण्या एका कचेरीवर फोडत नाही. साथ खरी होती आणि भीतीही खरी होती. पण एक गोष्ट आम्ही त्या वर्षी पक्की शिकलो. संकटाच्या वेळी देशातले सर्वांत मोठे हुकूम या मंत्रालयातून सुटतात, आणि त्या टेबलाभोवती मजुराच्या बाजूने बोलणारा कुणी बसलेला नसतो. ज्याला रांगेत उभे राहायचे आहे, त्याचे म्हणणे हुकूम निघण्यापूर्वी ऐकले गेले पाहिजे.

दुसऱ्या बाजूलाही न्याय दिला पाहिजे. दंगल पेटते, सीमा ओलांडून हत्यारे येतात, पूर येतो, तेव्हा याच खात्याची माणसे पुढे धावतात. त्यांतला शिपाई हाही कष्टकरीच आहे. १९६६ च्या कायद्याने त्याला परवानगीवाचून युनियनमध्ये जाता येत नाही. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांतला असंतोष उफाळला, तेव्हा लष्कराला बोलवावे लागले. ‘ते आम्हालासुद्धा कुणी सांगत नाही’ असे म्हणणारा तो हवालदार आम्ही विसरलेलो नाही. हुकूम आंधळा असला, तर तो पाळणाऱ्यालाही आंधळाच ठेवतो. म्हणून राखणदार नको असे आम्ही म्हणत नाही. राखणदाराने मालकाला हिशेब द्यावा, एवढेच म्हणतो. आणि घटनेने या घराची मालकी जनतेच्या नावावर केलेली आहे.

कायद्यांची नावे बदलत राहतात. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि फौजदारी प्रक्रियेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जमावबंदीचे ते प्रसिद्ध १४४ कलम आता १६३ झाले. ज्या १५१ खाली आमचे नऊ जण उचलले गेले, ते १७० झाले. खटल्यावाचून स्थानबद्ध करणारा १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आजही जागेवर आहे. त्याखाली माणसाला बारा महिन्यांपर्यंत ठेवता येते. पण त्याच कायद्यात पळवाट नव्हे, वाट आहे. जिल्हाधिकाऱ्याचा वा आयुक्ताचा हुकूम राज्य सरकारने बारा दिवसांत मंजूर केला नाही, तर तो पडतो. मंजूर केला, तर सात दिवसांत केंद्राला कळवावा लागतो. केंद्र तो रद्द करू शकते, म्हणून अशा वेळी अर्ज दिल्लीलाही करता येतो. तो अर्ज कारण नसता रखडला म्हणून न्यायालयांनी माणसे सोडल्याची उदाहरणे आहेत. म्हणजे एका प्रसंगी ती दिल्लीची तार योग्य ठरते! कोणत्या प्रसंगी, एवढे मात्र कळले पाहिजे.

सारांश, आम्ही आमच्या कचेरीच्या भिंतीवर तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत. हुकूम कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली? सही कुणाची? आणि त्यावर दाद कुठे मागायची? नवा कार्यकर्ता आला की आधी हे तीन प्रश्न पाठ करतो आणि मग घोषणा शिकतो. हे प्रश्न नम्रपणे विचारता येतात. त्यासाठी ना आवाज चढवावा लागतो ना दगड उचलावा लागतो. पण ते विचारणारे प्रत्येक गल्लीत पाच जण असले, तर ‘वरून हुकूम आहे’ एवढ्यावर भागवणे कठीण होते.

त्या मावशी आता हयात नाहीत. त्यांचा मुलगा पुढे निवृत्त झाला. नातू शहरात नोकरीला आहे. त्याला एकदा आम्ही ती तारेची हकीकत सांगितली. तो हसला आणि म्हणाला, “अण्णा, आजीचं चुकलं कुठे? तिने निदान धनी कोण, एवढं तरी विचारलं.” खरे आहे. पत्ता चुकला होता, प्रश्न चुकला नव्हता. तो प्रश्न आपणही विचारत राहावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.